जिजाबाईंच्या घरचा उमेदवार

हिंगणघाटच्या त्या सूतगिरणीत, धागा गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात, नवी पोरगी लागली की सुपरवायझर तिला जिजाबाईंच्या शेजारच्या मशीनवर उभी करायचा आणि निघून जायचा. जिजाबाई फारसं शिकवत नसत. पोरीचे केस फडक्यात घट्ट बांधून द्यायच्या, ओढणी कमरेला खोचायला लावायच्या आणि म्हणायच्या, "धागा तुटला तर घाबरू नको. तो तुटतेच." मग दिवसभर मधूनमधून तिच्याकडे पाहायच्या. पोरगी रडवेली झाली की नेमक्या त्याच वेळी त्यांना पाणी प्यायला जायचं असे, आणि जाताना त्या तिलाही हाताला धरून घेऊन जात.

मोहिनी अशीच त्यांच्या हाताखाली तयार झालेली. वडनेरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून बसने यायची. नवरा शेतीत, सासू घरात, एक लहान मुलगी. बोलायला फटकळ, पण मशीनवर हात असा चालायचा की जिजाबाई स्वतःचं काम सोडून बघत राहायच्या. डबा दोघी एकत्र उघडायच्या. मोहिनीच्या डब्यातली जवसाची चटणी जिजाबाई मागून घ्यायच्या आणि स्वतःची भाजी तिच्या पोळीवर टाकायच्या. हे इतकं रोजचं झालं होतं की त्याचं कोणाला काही वाटतही नसे.

जिजाबाईंचे यजमान बापूराव त्याच गिरणीत फिटर. पण फिटर म्हणून त्यांना कोणी ओळखत नसे. कामगार संघटनेचे ते सरचिटणीस, आणि हे पद त्यांच्याकडे इतकी वर्षं होतं की हिंगणघाटच्या बाजारात भाजीवालेसुद्धा त्यांना 'सेक्रेटरीसाहेब' म्हणत. त्यांनी कामगारांसाठी केलंही होतं पुष्कळ. कोणाचं बोट मशीनमध्ये गेलं तर दवाखान्यात रात्रभर बसणारे तेच, आणि कोणाला कामावरून काढलं तर मॅनेजरच्या केबिनबाहेर उपाशी उभे राहणारेही तेच.

त्या वर्षी संघटनेची निवडणूक आली तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्यासमोर कोणीतरी उभं राहिलं. रिंगफ्रेमच्या, म्हणजे सूत कातायच्या खात्यातला देवेंद्र. तरुण, आयटीआय झालेला, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. निवडणूक नीट व्हावी म्हणून संघटनेने एक समिती नेमली. कोर्टातून निवृत्त झालेले केशवराव तिचे अध्यक्ष झाले. सुताच्या गोदामातले धनंजय दुसरे सभासद. बायकांमधून कोण, असा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी एकच नाव घेतलं. जिजाबाई उठून म्हणाल्या की माझ्या घरातच उमेदवार आहे, मला कसं घेता? त्यावर देवेंद्रच हसून म्हणाला की मावशी, आम्हाला चालते. सभेत हशा झाला, टाळ्या पडल्या, आणि जिजाबाई समितीवर गेल्या. फक्त केशवरावांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

पहिल्याच आठवड्यात केशवरावांनी गेटवर उभं राहून सांगितलं की कोणी कोणाचा प्रचार केला, कोणी कोणाचं नाव सुचवलं, म्हणून त्याला कामावर त्रास झाला तर समितीकडे यावं. तक्रार करणाऱ्याचं नाव बाहेर जाणार नाही. त्यांची भाषा कोर्टाची होती. बायकांना ती कळली नसेल म्हणून जिजाबाईंनी डब्याच्या सुट्टीत आपल्या शब्दांत परत सांगितलं, "कोणी काही केलं तर मले सांगजा. कोणाचंही नाव असो."

देवेंद्रच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली ती मोहिनीने. तिला तो पटला होता, एवढंच. बायकांच्या शौचालयाला दार नाही ही गोष्ट ती बापूरावांना दोन वर्षं सांगत होती, आणि बापूराव दरवेळी "करू" म्हणत होते. देवेंद्रने ती गोष्ट पत्रकात पहिल्या ओळीत छापली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मोहिनी वाइंडिंगमध्ये दिसेनाशी झाली. तिला वेस्टच्या गोदामात टाकलं होतं. सगळ्या खात्यांतून निघालेला कापसाचा चुरा, धूळ आणि तुटके धागे तिथे येऊन पडत. ते वेगळं करायचं आणि पोत्यांत दाबायचं काम. पत्र्याची शेड, एक पंखा, आणि हवेत सतत उडणारी ती पांढरी भुकटी. शिवाय तिथली पाळी अशी की सुटल्यावर तिची बस निघून गेलेली असायची आणि पुढच्या बसची वाट बघत ती अंधार पडेपर्यंत स्टँडवर बसायची.

जिजाबाईंनी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला की तिकडे माणसं कमी पडली. जिजाबाईंनी मान हलवली, पण मशीनवर परत आल्यावर त्यांच्या हातून धागा तीनदा निसटला. माणसं कमी पडली की नव्या पोरींना पाठवत. जुन्या, हात बसलेल्या बाईला कोणी वेस्टमध्ये घालत नाही.

डब्याच्या सुट्टीत त्या गोदामाकडे गेल्या. मोहिनी सायकल स्टँडच्या मागे एकटी बसून जेवत होती. पापण्यांवर कापूस होता. जिजाबाई शेजारी बसल्या आणि काही न विचारता आपला डबा उघडला. मोहिनीने चटणी पुढे सरकवली. दोघी जेवायला लागल्या.

"त्या बाया तुयाजवळ काऊन येऊन नाई राह्यल्या?" शेवटी जिजाबाईंनी विचारलं.

"भेव वाटते त्याइले," मोहिनी म्हणाली. "मायाजवळ बसलं तर त्याइलेही इकडे टाकतीन."

"कोण टाकन?"

मोहिनीने डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. मग म्हणाली, "तुम्हाले सांगून काय करू मावशी? तुमच्याच घरची गोष्ट आहे."

जिजाबाईंना ते आधीच कळलं होतं. वाइंडिंगच्या दारात बापूराव सुपरवायझरच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलत होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहिनी गेली होती. पण कळणं आणि समोरच्याच्या तोंडून ऐकणं यांत फरक असतो. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "मी ऐकीन. पण निवाडा मी नाई करणार. तो केशवराव करतीन. मी त्यातून बाजूला होते."

मोहिनी म्हणाली की तुम्ही नसाल तर मी बोलणारच नाही, त्या म्हाताऱ्या साहेबांसमोर माझी जीभ उचलणार नाही. तेव्हा असं ठरलं की ती सांगेल तेव्हा जिजाबाई शेजारी बसतील, पण एक शब्द बोलणार नाहीत, आणि त्यानंतरच्या चौकशीत त्यांचा पाय नसेल.

ते तसंच झालं. केशवरावांच्या घरी, पुढच्या खोलीत, मोहिनी सतरंजीवर बसून सांगत राहिली आणि जिजाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिल्या. बापूरावांचं नाव आलं तेव्हाही तो हात तिथून हलला नाही. ऐकून झाल्यावर केशवराव म्हणाले की खरं-खोटं नंतर पाहू, आधी तुला तुझ्या जागेवर बसवतो, कारण घाबरलेल्या माणसाची चौकशी नीट होत नाही. दुसऱ्या दिवशी ते मॅनेजरला भेटले. मॅनेजरने "बघतो" म्हटलं आणि पुढे काहीच केलं नाही.

जिजाबाई मात्र रोज सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे जाऊन बसू लागल्या. चौकशीत बोलायचं नाही असं त्यांनी कबूल केलं होतं. जेवायचं नाही असं नव्हतं. पहिल्या दिवशी दोघीच होत्या. मग वाइंडिंगमधली आकांक्षा लिंबाचं लोणचं द्यायच्या निमित्ताने आली आणि बसली. आठवड्याअखेर तिथे इतक्या बायका जमल्या की सायकली काढायला पुरुषांना अडचण होऊ लागली.

घरी जिजाबाईंनी यातलं काहीही सांगितलं नाही. त्यांचं घर गिरणीपासून लांब नाही. दोन खोल्या, मागे न्हाणी, दारात शेवग्याचं झाड. एवढ्या लहान घरात एवढी मोठी गोष्ट लपवून ठेवणं त्यांना जड गेलं. बापूराव प्रचाराच्या गप्पा सांगत, कोणत्या खात्यात किती वजन आहे ते सांगत, आणि त्या भाकरी थापत "हं" म्हणत. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मुलगी सासरी जाऊन दोन नातवंडं झाली होती, पण नवऱ्याच्या बोलण्याला कोरडं "हं" म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

मग बापूरावांना केशवरावांचा निरोप आला. ते गेले, आणि संध्याकाळी परत आले ते चपला न काढता दारातच उभे राहिले.

"तुले माहीत होतं," ते म्हणाले.

"होतं."

"आणि मले सांगितलं नाई."

"सांगता येत नव्हतं."

"मी कोण हावो तुया?"

जिजाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हातातली शेंग त्यांनी ताटात ठेवली. "घरात तुम्ही माये मालक हा," त्या म्हणाल्या. "तिथं तुम्ही उमेदवार हा. मी काय करू, सांगा."

बापूराव तसेच चपला घालून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढचे काही दिवस ते जेवले, पण ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसून. जिजाबाईंनी एकदा त्यांच्या पानात वांग्याची भाजी वाढली; ती त्यांनी पुसून खाल्ली आणि ताट स्वतःच विसळून ठेवलं. एरवी ते ताट कधी उचलत नसत. त्या विसळलेल्या ताटाने जिजाबाईंना जितकं रडू आलं तितकं त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी आलं नसतं.

बापूरावांची बहीण शकुबाई शेजारच्या गल्लीत राहायची. ती येऊन जिजाबाईंना सरळ म्हणाली की परक्या पोरीसाठी स्वतःच्या माणसाला चौकशीत उभं करणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. जिजाबाईंनी तिला चहा दिला. शकुबाईने तो घेतला, आणि जाताना तेच परत म्हणून गेली.

चौकशीत बापूरावांनी सगळं नाकारलं होतं. कोणाला कुठे टाकायचं हे गिरणीचं काम, संघटनेचा त्यात काय संबंध, असं म्हणाले. सुपरवायझरनेही तेच सांगितलं. धनंजय म्हणाले की हे दोघं असं सांगतात, पोरीने तर कानाने काही ऐकलेलं नाही, मग आपण कशावर बोट ठेवणार? केशवरावांनी कागद मिटून ठेवला. जिजाबाई या चौकशीच्या बाहेर होत्या. त्यांनी जे पाहिलं होतं ते कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. केशवराव विचारायला आलेही. दारात उभे राहिले, शेवग्याकडे पाहिलं, तब्येतीची चौकशी केली आणि परत गेले. बायकोला नवऱ्याविरुद्ध बोलायला लावणं त्यांच्याने झालं नसावं. त्या रात्री जिजाबाईंनी मनाशी ठरवलं की उद्या आपणच जाऊन सांगायचं.

पण दुसऱ्या दिवशी बापूराव गिरणीतून वेळेआधीच घरी आले. जिजाबाईंची साप्ताहिक सुट्टी होती. त्या अंगणात वाळवण उलटत होत्या. बापूराव ओट्यावर बसले. त्यांच्या केसांत, मिशीत पांढरा कापूस होता.

"वेस्टमंदी गेलतो," ते म्हणाले.

जिजाबाई हातातलं काम टाकून जवळ आल्या, पण बसल्या नाहीत.

"पाहून येतो म्हटलं, एवढं काय आहे तिथं. कितीक वर्षांत गेलो नोहतो." त्यांना खोकला आला. "ती पोरगी खाली बसून काम करून राह्यली होती. मले पाहून उठली. अन् मागं सरकली. भिंतीपर्यंत मागं सरकली जिजा. मी काही बोललोही नोहतो."

जिजाबाई आता त्यांच्या शेजारी बसल्या.

"मॅनेजर आला की माणसं अशी मागं सरकत. ते मले पाहवत नोहतं, म्हणून मी संघटनेत आलो. अन् आज ती मले पाहून मागं सरकली." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "मी म्हटलं होतं सुपरवायझरले. फार बोलते ती, तिले थोडा कापूस खाऊ द्या, म्हटलं. हासत हासत म्हटलं. त्यानं खरंच केलं, तवा मले बरं वाटलं. मंग मी मनाले सांगितलं का मी काही केलंच नाई."

जिजाबाईंनी पदराने त्यांच्या मिशीतला कापूस पुसला. बापूराव लहान मुलासारखे तोंड पुढे करून बसून राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती.

"चला, जेवून घ्या," त्या म्हणाल्या.

"पयले केशवरावाकडे जाऊन येतो."

"जेवून जा. ते कुठी पळून नाई चालले."

बऱ्याच दिवसांनी दोघं आत बसून जेवले. मग बापूराव सायकल घेऊन गेले.

समितीने निर्णय दिला तो असा. मोहिनीला तिच्या जुन्या मशीनवर आणि जुन्या पाळीवर परत घ्यायचं. संघटनेचं पत्र तसं मॅनेजरकडे गेलं आणि स्वतः बापूराव ते घेऊन गेले, म्हणून या वेळी "बघतो" झालं नाही. मतदान होईपर्यंत बापूरावांनी बायकांच्या खात्यांत पाय ठेवायचा नाही. आणि गेटवर सगळ्यांसमोर सांगायचं की माझ्या बोलण्यावरून एका सभासद बाईला त्रास झाला. उमेदवारी काढून घ्या, असं देवेंद्रच्या बाजूची काही माणसं म्हणत होती. केशवराव म्हणाले की माणूस स्वतः येऊन कबूल झाला, आता मत द्यायचं की नाही ते सभासद ठरवतील. त्याचबरोबर त्यांनी जिजाबाईंनाही सुनावलं. ते म्हणाले की उमेदवाराच्या घरचं माणूस समितीवर घेतलं ही पहिली चूक आपली सगळ्यांची होती, पुढच्या खेपेला असं होता कामा नये. जिजाबाईंनी ते मान्य केलं आणि मतमोजणीच्या दिवशी त्या टेबलापासून दूर, बाकावर बसून राहिल्या.

गेटवर देवेंद्रने आधीच सांगितलं की हा आपला-त्यांचा प्रश्न नाही. बापूराव बोलले तेव्हा मोहिनी समोरच उभी होती. ते फार बोलले नाहीत. शेवटी तिच्याकडे वळून म्हणाले, "माफ करजो बाई." मोहिनीने मान खाली घातली. मग ती जिजाबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

बापूराव हरले, थोडक्या मतांनी. गेटवरच्या कबुलीमुळे हरले की बिनदाराच्या शौचालयामुळे, यावर हिंगणघाटच्या चहाच्या टपऱ्यांवर बरेच दिवस वाद चालला. शकुबाई म्हणाली की घरच्याच बाईनं पाडलं. बापूराव तिला म्हणाले की मी पडलो ते माझ्या तोंडानं, तिच्या हातानं नाही. मग शकुबाईने तो विषय सोडला, निदान त्यांच्यासमोर तरी.

देवेंद्र सरचिटणीस झाला. शौचालयांना दारं लागली. पण गोष्ट तिथे थांबली नाही, कारण जिंकलेल्या माणसांचेही हात शिवशिवतात. संघटनेच्या ऑफिसात नत्थूजी म्हणून एक वयस्कर गृहस्थ होते. झाडलोट करायची, पाणी भरायचं, सभेची सतरंजी अंथरायची. त्यांनी बापूरावांचे झेंडे लावले होते. नवी कमिटी आल्यावर देवेंद्रच्या मित्रांनी त्यांना सांगितलं की उद्यापासून येऊ नका. नत्थूजी कोणाला काही न बोलता घरी गेले.

त्यांना हाताला धरून जिजाबाईंकडे घेऊन आली ती मोहिनी.

तिने ओट्यावर त्यांना बसवलं आणि म्हणाली, "मावशी, कोणाचंही नाव असो म्हटलं होतं ना तुम्ही. आता देवेंद्रभाऊचं आहे. मी सही केली होती त्याच्या अर्जावर. तरी मी सांगून राह्यली."

बापूराव आतून ऐकत होते. जिजाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. नत्थूजींसाठी भांडायला ते एका पायावर तयार होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "तुम्ही नका येऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही आले तर ते तुमचं भांडण होईन. हे नत्थूजीचं आहे." बापूराव क्षणभर दुखावले, मग हसले, आणि नत्थूजींसाठी चहा ठेवायला आत वळले.

जिजाबाई आणि मोहिनी देवेंद्रकडे गेल्या. तो आधी चिडला. म्हणाला की मोहिनीताई, तुम्ही आपल्या हा का त्यांच्या? मोहिनी म्हणाली की मला कापूस खायला घातला तेव्हा तुम्हीच गेटवर म्हणाला होता, हा आपला-त्यांचा प्रश्न नाही. देवेंद्रने मित्रांना बोलावून घेतलं. तो वाईट नव्हता. नव्या खुर्चीवर बसलेला होता, एवढंच. पुढच्या सोमवारी नत्थूजींनी ऑफिसचं कुलूप उघडलं आणि नेहमीसारखी सतरंजी झटकली.

जिजाबाई अजून वाइंडिंगमध्ये आहेत. समिती केव्हाच संपली, पण सायकल स्टँडच्या मागे बायका अजून जेवतात, आणि तिथे काही ना काही कोणीतरी सांगतंच. ज्या गोष्टी स्वतः जिजाबाईंना झेपत नाहीत त्या घेऊन त्या केशवरावांकडे जातात. केशवराव कुरकुरतात आणि ऐकून घेतात.

जिजाबाईंचं माहेर गिरडच्या बाजूचं. सरचिटणीसाची बायको असेपर्यंत रविवार कधी त्यांचा नव्हता. माहेरी जायचं तर एकटीनेच. या हिवाळ्यात एका रविवारी बापूरावांनी स्वतःहून मोटारसायकल काढली. भावाकडे जेवण झाल्यावर दोघं गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला गेले. वर जाताना बापूरावांचा गुडघा दुखायला लागला. ते एका पायरीवर बसले. खाली शेतांतून उन्हं पसरली होती, कुठे कापूस वेचणाऱ्या बाया ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

"इतक्या वर्षांत तुयासंगं इथं काऊन नाई आलो मी?" ते म्हणाले.

"तुम्हाले वेळ नोहता."

"आता आहे."

जिजाबाई त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. गुडघा थोडा दाबून दिला. मग दम खाऊन दोघं उठले आणि राहिलेल्या पायऱ्या चढू लागले. ते पुढे, त्या अर्धी पायरी मागे, त्यांचा शर्ट चिमटीत धरून.